मदत हवी आहे: शेततळ्यातले मासे पहाटे तोंड वर काढताहेत

मी राहायला ठाण्यात, शेततळं मुरबाडजवळच्या गावी. तिथे काका असतात, त्यामुळे मला सगळं फोनवर कळतं. मंगळवारी पहाटे साडेपाचला फोन: "सगळे मासे वर आलेत रे, तोंडं उघडून." उजाडेपर्यंत तीसेक मेले, त्यातही मोठे कटले जास्त. दहा वाजता उरलेले काही झालंच नाही असे फिरत होते.

तळं 4 गुंठे, खोली 2 मीटर, खाली प्लॅस्टिक. जुलैत रोहू, कटला, मृगळ मिळून 3,000 बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली. बीजवाला म्हणाला, निम्मी मरतातच, जास्त सोडा. फारशी मेलीच नाहीत! (पहिल्यांदाच माझ्या हातचं काही जगलं आणि तेच अंगाशी आलं.) आता सरासरी 150 ग्रॅम भरतात. खाद्य कोंडा आणि शेंगदाणा पेंड, तेही काकांच्या हातचं, म्हणजे सढळ. पाणी गर्द हिरवं. कोपर बुडायच्या आधीच तळहात दिसेनासा होतो. त्यात चार दिवस आभाळ.

पाणी किटने तपासलं: सामू (pH) सकाळी 7.5, दुपारी 9. अमोनिया लिटरला 1 मिलिग्रॅम.

शेजारी म्हणतात चुना टाका. टाकू का? आत्ता काढले तर कल्याणच्या बाजारात या आकाराला कोण विचारणार? एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) लावून जानेवारीपर्यंत ओढता येतील का?

प्रतिसाद: मोठे आधी, आणि पहाटेच मेले, म्हणजे ऑक्सिजनच कमी पडला. पाण्यातलं शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच ओढून घेतं. आभाळ असलं की दिवसाची कमाईही घटते. चुना नको. चुन्याने सामू वाढतो, आणि सामू वाढला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो, आणि तुमचा दुपारी 9 आहेच. खाद्य आजपासून बंद. विहिरीचं पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं पाडा, तळाचं घाण पाणी काढा. एअरेटर मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत चालवा, पण त्याच्या भरवशावर सगळे ठेवू नका, रात्री वीज गेली की संपलं. चौरस मीटरला एक या हिशेबाने तुमच्या तळ्यात 400 मासे हवेत. भाव मिळो न मिळो, निम्मे तरी काढा.

धागाकर्ता: काकांना सांगितलं. म्हणाले, "मग एवढे आणलेस कशाला?" शनिवारी जाळं घेऊन जातोय. पहाटेच लावू ना?

प्रतिसाद: अजिबात नाही! ऊन चढल्यावर, दहानंतर. पहाटे ते आधीच धापा टाकत असतात.