कोड न येण्याचं कारण बिलात शोधा

१९०० वर मेसेज पाठवूनही पोर्टिंगचा, म्हणजे तोच नंबर ठेवून कंपनी बदलण्याचा, कोड येत नाही आणि दुकानदार 'सिस्टिमचा प्रॉब्लेम' म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. दुकानदाराला सोडा. पोस्टपेड नंबर असेल तर आधी थकबाकी बघा. मुदत उलटलेलं बिल बाकी असलं की कोड तयारच होत नाही.

माझं तसंच झालं. बिल वेळेवर भरत होतो, तरी १७४ रुपये बाकी. कंपनीच्या हेल्पलाइनवर पाच बटणं दाबून, सनई ऐकून शेवटी एका बाईंनी सांगितलं: कॉलर ट्यून! मी कधी घेतलीच नव्हती. मला फोन करणाऱ्यांना महिनोन्‌महिने भजन ऐकू येत होतं आणि एकानेही सांगितलं नाही. १५५२२३ वर ती बंद केली, पैशांची तक्रार नोंदवली. तक्रारीचा नंबर मागून घ्याच, तो नसेल तर पुढे कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे, म्हणजे तक्रारीच्या वरच्या पायरीवर, जाताना हात रिकामे. ती रक्कम वजा झाली, मग कोड आला.

कोड चारच दिवस चालतो, आळस करू नका. डिसेंबर २०१९ पासून त्याच सर्कलमध्ये (म्हणजे मोबाइल सेवेच्या त्याच विभागात) नंबर पोर्ट व्हायला तीन कामकाजाचे दिवस लागतात, सर्कल बदललं तर पाच. मुंबई आणि उरलेला महाराष्ट्र-गोवा ही वेगळी सर्कल आहेत, त्यामुळे दादरला घेतलेला माझा नंबर नाशकात पोर्ट करताना पाच लागले.

आता साधी रिंग वाजते. मावशी विचारते, भजन का रे काढलंस?