कागद, रांग आणि झेंडा: अमेरिकेतल्या मराठी घरांतले अनुभव

गेल्या गणपतीत आरती संपली आणि प्रसादाच्या रांगेतच दोन जुन्या मित्रांची जुंपली. एक म्हणाला, "आपण अकरा वर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत काढली. या बेकायदा आलेल्यांनी कुंपणावरून उडी मारायची आणि वर हक्क सांगायचे?" दुसरा म्हणाला, "तुला रांग होती म्हणून उभा राहिलास. मेक्सिकोतला गवंडी कुठे उभा राहणार? साध्या मजुरांसाठी सगळ्या जगात मिळून वर्षाला जास्तीत जास्त १०,००० ग्रीन कार्डं आहेत." शिरा हातातच राहिला. तेव्हापासून दोघं एका टेबलावर बसत नाहीत.

म्हणून हा धागा. कुठला पक्ष बरोबर हे इथे नको, त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप आहे. तुमच्या घरात, कामावर, शेजारात काय घडलं तेवढं लिहा. नावं नकोत, गाव चालेल.

फ्रिस्को, टेक्सास

हे पुष्कळांना आवडणार नाही, तरी लिहितो. मी दोनदा रिपब्लिकनांना मत दिलंय आणि लपवत नाही. ज्या देशात राहायचं त्याचे नियम पाळायचे, माझ्या लेखी देशभक्ती म्हणजे एवढंच.

आमच्याकडे वसंतात गारा पडतात आणि दर काही वर्षांनी छप्पर बदलावं लागतं. २०२५ मध्ये विम्याचे पैसे मंजूर झाले, जुने पत्रे... सॉरी, शिंगल्स (छपरावरच्या पातळ फरशा) उचकटून झाले आणि दुसऱ्या दिवशी माणसंच आली नाहीत. ठेकेदाराचा फोन: हार्डवेअरच्या दुकानाबाहेर आइसवाले (बेकायदा राहणाऱ्यांना पकडणारं सरकारी खातं) दिसल्याची अफवा आहे, पोरं घराबाहेर पडत नाहीत. तीन आठवडे घरावर निळी ताडपत्री. बायको रोज सकाळी चहा देताना वर बघायची आणि म्हणायची, "चढ आता तूच."

माझं मत बदललं का? नाही. पण एक गोष्ट खटकली. १९८६ साली राष्ट्राध्यक्ष रेगननी (तेही रिपब्लिकनच) सही केलेल्या कायद्यात दोन गोष्टी होत्या: आधीच आत असलेल्यांना कागद द्यायचे, आणि जाणूनबुजून बेकायदा मजूर ठेवणाऱ्या मालकाला दंड करायचा. सुमारे २७ लाख लोकांना कागद मिळाले. दंड बराचसा कागदावरच राहिला. माझ्या ठेकेदाराला आजवर कुणी काही विचारलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही नाही. त्याचा दर कमी का, हे मला ठाऊक होतं.

फ्रेस्नो, कॅलिफोर्निया

फ्रिस्कोकरांना एक पुरवणी. आमच्या भागात द्राक्षं आणि बेदाणे. बाबा तासगावचे बागायतदार, इथे आले की मळ्यातच रमतात. त्यांना मी कौतुकाने शेतमजुरांचा पुढारी सेझार चावेझची गोष्ट सांगत होतो: १९६५ चा डेलानोचा संप, द्राक्षांवरचा बहिष्कार वगैरे. नंतर वाचनात आलं की संप मोडायला मालक सीमेपलीकडून बेकायदा मजूर आणत, म्हणून त्याच चावेझच्या संघटनेने सत्तरच्या दशकात अशा मजुरांविरुद्ध मोहीम चालवली होती. आज त्याचा फोटो मिरवणाऱ्यांना हे सांगितलं की विषय बदलतात. बाबांना मात्र काहीच नवल वाटलं नाही. "बाहेरची टोळी आली की गावातल्या गड्याची मजुरी पडते," म्हणाले आणि पुढच्या ओळीतली द्राक्षं चाखायला गेले.

एडिसन, न्यू जर्सी

फेब्रुवारी २०२५ मध्ये सासरे इथेच होते. अमेरिकेने परत पाठवलेल्यांचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं, १०४ भारतीय, त्यातले तीन महाराष्ट्रातले. हातात बेड्या, पायात साखळ्या. सासरे एसटीतून निवृत्त झालेले, सहसा शांत माणूस. टीव्हीसमोरून उठलेच नाहीत. नवरा म्हणाला, "अण्णा, एजंटला तीस-चाळीस लाख मोजणारे काही गरीब नव्हेत." अण्णा म्हणाले, "रान विकलं असेल रे कुणीतरी." एवढ्यावरून आवाज चढले.

लेक दहावीत आहे. तिने मध्येच भगतसिंग थिंड यांची गोष्ट काढली. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. तरी १९२३ साली सुप्रीम कोर्टाने ठरवलं की हिंदुस्थानी माणूस गोरा नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. आधी नागरिक झालेल्या कित्येकांचं नागरिकत्व काढून घेतलं. १९४६ मध्ये कायदा बदलला, नागरिक होता येऊ लागलं, पण भारतातून नव्याने येणाऱ्यांचा कोटा वर्षाला फक्त १००.

"शंभर?" अण्णा म्हणाले. "आषाढीला माझ्या एका गाडीत शंभर चढायचे."

नवरा त्या रात्री जेवला नाही. मला वाटतं, लेकीपेक्षा वडिलांचा राग आला होता.

मिलवॉकी

आमच्याकडे थँक्सगिव्हिंगला हा विषय काढायचा नाही असा ठराव झाला होता. ठराव मांडणाऱ्या दिरांनीच पुरणपोळीवर तूप पडायच्या आत तो मोडला. बाकी सगळं वाचतेय.

फ्रीमॉंट, कॅलिफोर्निया

मुलगी २००४ साली चार वर्षांची असताना आमच्याबरोबर आली. बालवाडीपासून रोज सकाळी छातीवर हात ठेवून झेंड्यापुढे शपथ. आमच्या अर्जाची तारीख २०१३ ची, आणि वर्षाच्या ग्रीन कार्डांत एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे भारताची रांग हलत नाही. २०२१ मध्ये ती एकवीस वर्षांची झाली, म्हणजे कायद्याने 'मूल' राहिली नाही, आणि आमच्या अर्जातून गळली. ज्या गावात वाढली तिथेच परदेशी विद्यार्थिनी झाली.

तिची जिवलग मैत्रीण मेक्सिकोची, बिनकागदाची. तिला डाका मिळालं (दरोडा नव्हे, लहानपणी आणलेल्या बिनकागदाच्या मुलांसाठी ओबामांनी २०१२ मध्ये आणलेली योजना), म्हणजे कामाचा परवाना. माझ्या मुलीला ते मिळणार नव्हतं, कारण योजना जाहीर झाली त्या दिवशी तिच्याकडे वैध व्हिसा होता. नीट वाचा हे वाक्य. मी अनेकदा वाचलंय.

बाप त्या मैत्रिणीवर चिडतो, लेक बापावर. ती आता टोरांटोत नोकरी करते. मैत्रीण ओकलंडमध्ये आहे, दिवाळीला माझ्यासाठी फुलं आणते. तिला बघून ह्यांचं तोंड उतरतं, तरी चकल्यांचा डबा तेच भरून देतात.

लॉस एंजेलिस

जून २०२५ मध्ये आइसच्या धाडींविरुद्धच्या निदर्शनांत मेक्सिकोचे झेंडे फडकले तेव्हा मंडळाच्या बैठकीत सगळे तावातावाने बोलत होते: इथे राहून दुसऱ्या देशाचा झेंडा? मी २०१९ मध्ये ह्यूस्टनच्या स्टेडियममध्ये मोदींच्या सभेला होतो, पन्नासेक हजारांच्या गर्दीत, हातात तिरंगा. हे बोललो, तर उत्तर आलं, "आपण गाड्या जाळत नाही." तेही खरंच. २००६ च्या मार्चमधल्या स्थलांतरितांच्या मोठ्या मोर्चानंतरही झेंड्यांवरून अशीच बोंब झाली होती. मग आयोजकांनीच सांगितलं, अमेरिकेचे झेंडे आणा. मे महिन्यात तेच जास्त दिसले. टीका मात्र थांबली नव्हती.

गाव सांगत नाही

२००९ मध्ये नोकरी गेली. तेव्हा एच-वनवाल्यांना (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांना) नोकरी गेल्यावर साठ दिवस राहायची सवलत नव्हती, ती २०१७ मध्ये आली. मी चार महिने तसाच, बेकायदा राहिलो. पोलिसांची गाडी मागे दिसली की हात गार पडायचे. मग एका कंपनीने घेतलं, वकिलाने सांगितलं की असं राहणं १८० दिवसांच्या आतलं असेल तर नोकरीवरच्या ग्रीन कार्डाला आड येत नाही. आलंही नाही. पुढे नागरिकत्वाची शपथ घेतली, हातात छोटा झेंडा दिला, फोटो आहे.

मंडळात लोक बेकायदा लोकांबद्दल बोलतात तेव्हा मी मान डोलावतो. बायकोला ठाऊक आहे, बाकी कुणाला नाही. परवा मुलाने गाडीत विचारलं, "बाबा, तुम्ही लीगलीच आलात ना?"

हो म्हटलं. आलो कायदेशीरच.