पोर्टफोलिओतलं पात्र 'आपल्या मातीतलं'च पाहिजे का?

मांजराकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. मूळची लातूरची, सध्या संभाजीनगरात हॉस्टेलवर. पुढं ॲनिमेशनला जायचंय म्हणून पोर्टफोलिओ करायलेय. त्यात चार पात्रं माझी स्वतःची आहेत, कुठल्या मालिकेतली किंवा गेममधली नाहीत. मुख्य पात्र निरवा. जमिनीखालच्या शहरात राहते, चंदेरी केस, गुडघ्यापर्यंत बूट, हातात भाला. तिच्यावर चार महिने घातलेत.

परवा बाहेरून आलेल्या एका सरांनी पानं उलटली. चार पात्रांना मिळून चाळीस सेकंद. म्हणाले, "हे सगळं इंटरनेटवरचं आहे. तू मराठवाड्याची ना? वेरूळ तीस किलोमीटरवर आहे आणि तुझ्या मातीतलं यात काहीच कसं नाही?" रूममेट म्हणते, मुंबईच्या पोरांना कुणी विचारतं का, कोळीनृत्य का नाही काढलं म्हणून? मला दोघांचंही पटतंय आणि दोघांचाही राग येतोय. पीडीएफ द्यायला पंधरा दिवस आहेत. काय करू?

खडू_फळा

ताई, सरांचं बोलणं लागलं असेल, पण ते चूक नाही. मी परभणी जिल्ह्यात चित्रकला शिकवत निवृत्त झालो. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसवलेली पोरं मोजायची म्हटलं तर एक गाव होईल. पूर्वी पोरं कॅलेंडरवरचा देव उतरवून काढायची, आता मोबाईलवरचा जपानी पोरगा काढतात. डोळे बशीएवढे, नाकाच्या जागी एक टिंब, हनुवटीला टोक काढलेलं. दहा पोरांची दहा चित्रं समोर ठेवा, कुणाचं कुणी काढलं ते सांगता येत नाही.

वेरूळला जाऊन कैलासासमोर फोटो काढून परत येऊ नका. शंकर-पार्वती सारीपाट खेळताहेत ते शिल्प शोधा आणि त्याच्या खालच्या बाजूला बघा. बुटके, ढेरपोटे गण नंदीला छळताहेत. प्रत्येकाची खोडी वेगळी, प्रत्येकाचं पोट वेगळं. हजाराहून जास्त वर्षांपूर्वीच्या माणसानं दगडात पात्ररचना करून ठेवलीय आणि आपण फुकटचं वायफाय लावून दुसऱ्याची नक्कल करतो.

धाराशिव जिल्ह्यात तेरला रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय आहे, तिथंही जा. सातवाहन काळातल्या भाजक्या मातीच्या बाहुल्या बघा, त्यांची केशरचना बघा. पात्राच्या डोक्यावर काय असावं याची चिंता मिटेल.

चहा_कमी_साखर

सरांचा आदर ठेवून कडाडून विरोध.

मी बीडचा, गेली काही वर्षं पुण्यात एका स्टुडिओत पात्रांचंच काम करतो. नव्या पोरांचे पोर्टफोलिओ माझ्याकडं येतात. 'मातीतलं काढ' हा सल्ला ऐकून आलेली पोरं काय आणतात सांगू? भेगाळलेली जमीन, पागोटं घातलेला म्हातारा, आभाळाकडं लागलेले डोळे. नाहीतर वासुदेव. नाहीतर पोतराज, आसूड उगारलेला. यातल्या निम्म्यांनी पोतराज फक्त यूट्यूबवर बघितलेला असतो. जपानी पोरगा ही नक्कल, मग हा म्हातारा कोण? तीही कॅलेंडरचीच नक्कल. फक्त कॅलेंडर सरकारी.

सर, तुम्ही तेरचं नाव काढलंत म्हणून सांगतो. तेरला एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, तसलीच भोकरदनलाही. आणि त्यांच्या जवळच्या नात्यातली म्हणावी अशी तिसरी १९३८ साली थेट इटलीत, पॉम्पेईच्या राखेखाली सापडली. आपली माती दोन हजार वर्षांपूर्वीच जहाजात बसून परदेशी गेलेली आहे. अजिंठ्याच्या एक नंबरच्या लेण्याचं छत बघा, इराणी वेशातली माणसं बसून पेयपान करताहेत. तिथला तो निळा रंग ज्या दगडाचा, तो दगडही आपल्याकडचा नाही, अफगाणिस्तानाकडून आलेला. त्या चित्रकारांना कुणी 'हे बाहेरचं आहे' म्हणालं असतं तर?

धागाकर्ती, चंदेरी केस राहू दे. मी केस बघत नाही. मी काय बघतो ते सांगतो. आधी पात्र सगळं काळं करून बघतो, नुसती सावली. सावलीवरून ते कोण आहे ते कळलं पाहिजे. मग टर्नअराउंड: समोरून, पाऊण वळलेलं, बाजूनं, पाठीमागून. चारही उभ्यांत डोळा, खांदा, कंबर, गुडघा एका रेषेत येतात का. पाठीमागून काढताना निम्मी पोरं उघडी पडतात, कारण वेणी कुठून सुटते, पट्ट्याची गाठ कुठं आहे याचा त्यांनी विचारच केलेला नसतो. मग हावभावांचं पान. रागावलेली, हसलेली, रडलेली सगळेच काढतात. मला 'खोटं बोलतेय आणि पकडली गेलीय' असा चेहरा पाहिजे. आणि शेवटी स्केचबुक. रद्द केलेली पानं. ती नसतील तर मी पुढचं बघतही नाही.

तांबडा_रंग

आताच्या काळात एवढी डोकेफोड कशाला? एआयला सांगा, चहा गार व्हायच्या आत चाळीस पात्रं. त्यातली चार निवडायची. पंधरा दिवसांत काय रेघा ओढत बसणार?

चहा_कमी_साखर

@तांबडा_रंग, खुशाल. मुलाखतीत मी समोर कोरा कागद ठेवतो आणि म्हणतो, हेच पात्र एसटीच्या मागच्या सीटवर झोपलेलं काढ. चाळीसवाले तिथंच घामाघूम होतात.

बिंदुसरा

वाचायलो शांतपणे, पण आता बोलतो. आमची माय आणि बाप पंधरा वर्षं ऊसतोडीला गेले. कारखान्याच्या हिशोबात नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. दोन माणसं, पण नाव हत्याराचं. माझ्या वर्गात एका पोरानं 'कोयतावाली' म्हणून पात्र काढलं होतं. लालभडक लुगडं, दोन्ही हातांत दोन कोयते, उडी मारायली. सर खूश, 'मातीतलं आहे' म्हणाले. मी बाहेर येऊन बसलो.

त्यानं उसाचा फड बघितलेला नव्हता. बघितला असता तर कळलं असतं की ऊस तोडताना माणूस उडी मारत नाही, वाकलेला असतो, दिवसभर. बुडाशी घाव, मग पाचट सोलायचं, मग शेंड्याचं वाढं उडवायचं. कोयता एकाच हातात, दुसऱ्या हातानं ऊस धरायचा असतो ना. लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, कारण पाचटानं हात चिरतात. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मोळी, आणि ती घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं. फळी लवते. तेव्हा माय पायाची बोटं कशी रोवायची ते मला अजून दिसतं. आता सांगा, तुमच्या त्या पोर्टफोलिओत पायाची बोटं होती का?

म्हणून माझं मत: ज्यानं बघितलं नाही त्यानं काढू नये. भाला काढा, राक्षस काढा, पण आमच्या मायचा पोशाख नका करू.

खडू_फळा

@बिंदुसरा, बाळा, तू आत्ता दहा ओळींत जे लिहिलंस तेच मी म्हणतोय की. चुंबळ, फळी, रोवलेली बोटं. हेच मातीतलं. त्या पोरानं काढलं ते नव्हे. आणि त्याच्यावर खूश झालेले सर चुकले, हे एक शिक्षक म्हणून लिहून देतो.

@चहा, अजिंठ्याच्या निळ्या रंगाचं मान्य. पण रंग बाहेरचा असला तरी तो लावणारा बाजारातून उठून आलेल्या माणसांनाच बघत होता. तिथल्या भिंतीवर हत्ती आहेत, माकडं आहेत, फेरीवाले आहेत. तुमच्या पोर्टफोलिओवाल्या पोरांनी शेवटचं माणूस समोर बसवून कधी काढलं ते विचारा एकदा.

दुधनाकाठ

थोडं नकलेबद्दल. इथं सगळे नक्कल म्हणजे पाप असल्यासारखं बोलायलेत. अजिंठ्याची चित्रं जगाला कळली ती नकलांमधूनच. रॉबर्ट गिल नावाचा लष्करी माणूस १८४४ पासून तिथं बसून मोठमोठे कॅनव्हास रंगवत होता. बरेचसे १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाले. मग मुंबईच्या जेजे कलाशाळेचे ग्रिफिथ्स साहेब १८७२ पासून पुढं विद्यार्थ्यांना घेऊन तिथं हंगामागून हंगाम बसले, पुन्हा नकला केल्या. त्यातल्याही बऱ्याच १८८५ च्या आगीत गेल्या. पण त्या पोरांचा हात त्यातूनच तयार झाला. कुणाचंही उतरवून काढणं हा रियाज आहे. फक्त रियाज मैफलीत मांडायचा नसतो. दुसऱ्याच्या पात्राची फॅन आर्ट पोर्टफोलिओत टाकायचीच असेल तर वेगळ्या पानावर, नाव देऊन. केसांचा रंग बदलून 'माझं पात्र' म्हणायचं नाही.

तांबडा_रंग

म्हणजे निरवाला पागोटं घालायचं की नाही ते सांगा ना कुणीतरी.

मांजराकाठ (धागाकर्ती)

सगळ्यांना धन्यवाद, तांबडा_रंग यांनाही.

बिंदुसरा दादा, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. शनिवारी लातूरला गेले. वेरूळला गेले नाही, सर रागावू नका. बसस्टँडवर तीन तास बसले आणि नुसती उभी माणसं काढली. सत्तावीस पानं. घरी आल्यावर आत्याला म्हटलं, उभी राहा, काढते तुला. ती उभी राहिली ती उजव्या अंगाला झुकून. डावं ढुंगण बाहेर, डावा हात कोपरात वाकवून कंबरेशी. म्हटलं, आत्या, सरळ उभी राहा ना. म्हणाली, "सरळच हाय की."

मग मला २०१६ आठवलं. मी तेव्हा शाळेत होते. पाण्याच्या टाक्यांपाशी गर्दी करू नये म्हणून १४४ कलम लागलं होतं. एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या फेरीत ५ लाख लिटर, सगळे टीव्हीवाले स्टेशनात. पण आमच्या गल्लीत पाणी टँकरनंच यायचं आणि आमची घागर ओळखू यावी म्हणून आत्यानं तिच्या गळ्याला लाल ऑइल पेंटचा पट्टा मारला होता. ती घागर डाव्या कंबरेवर. तोल सांभाळायला आत्या उजवीकडं. आता घरात नळ आहे, घागर माळ्यावर आहे, पण आत्या अजून त्याच अंगाला झुकून उभी राहते. रिकाम्या हातानं.

रात्री निरवा परत काढली. केस चंदेरीच आहेत. बूटही आहेत. पागोटं नाही. जमिनीखालचं शहर तेच, फक्त आता मला माहीत आहे की तिथं पाणी कुठून येतं आणि ते कोण वाहतं. ती पाणी वाहणाऱ्यांतली आहे. म्हणून ती नुसती उभी असली तरी उजवीकडं झुकते, डावा कोपर वाकलेला. घागर कुठंच दाखवलेली नाही. चहादादा, सगळं काळं करून बघितलं. आधीची निरवा सावलीत कुणीही वाटत होती, भाला घेतलेली कुणीही. ही वेगळी दिसते. रूममेटनं सावली बघून विचारलं, "हिला काही लागलंय का कंबरेला?" मला ते चालेल.

पान टाकलंय खाली. शिव्या द्या.

खडू_फळा

उभं राहणं झकास. पण केस काळे केले असते तर काय बिघडलं असतं? चंदेरी केसांनी आत्या लपते.

चहा_कमी_साखर

आत्या दिसायला नकोच आहे सर, ती तिथं असली म्हणजे झालं. केसांना हात लावू नकोस.

आता शिव्या. पाठीमागच्या उभ्यात झोक चुकलाय. समोरून ती आपल्या डावीकडं झुकते, पाठीमागून आपल्या उजवीकडं झुकली पाहिजे. तू दोन्हीकडं सारखंच काढलंस, म्हणजे पाठमोरी निरवा डावखुरी झाली. पाऊण वळलेल्यात खांद्यांची रेषा सरळ आहे, ती तिरकी कर. कंबर एकीकडं वर गेली की त्याच बाजूचा खांदा खाली येतो. आरशासमोर उभी राहून बघ. आणि ती सत्तावीस पानं पीडीएफमध्ये घाल, निदान सहा तरी. आत्याचं पान सगळ्यात आधी.

बिंदुसरा

बोटं काढली नाहीस. बुटात घातलीस.

मांजराकाठ (धागाकर्ती)

हो दादा. बूट काढून एक पान करते.

@चहादादा, पाठीमागचं दुरुस्त करते. एक अडचण आहे. डावा कोपर घागरीसाठी वाकलेला, म्हणजे भाला उजव्या हातात. मग शहराचं ते जड दार ती उघडते कोणत्या हातानं? तिच्या हालचालींच्या पानावर दार उघडतानाची पोझ आहे.

चहा_कमी_साखर

दोन्ही हात भरलेले असताना आत्या दार कसं उघडते?

मांजराकाठ (धागाकर्ती)

पायानं. आणि शिवी देऊन.

चहा_कमी_साखर

मग बसलीस कशाला, काढ की.