फक्त संगीतच उरलं का?

एकांनी लिहिलंय की अमेरिकेतल्या गुलामगिरीत तिथे नेलेल्या लोकांचं आफ्रिकेचं सगळं पुसलं गेलं, उरलं ते संगीत. इतकं सरसकट नाही पटत. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना-जॉर्जियाच्या किनाऱ्यावरचे गल्ला-गीची लोक बघा, गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांचे हे वंशज. यांच्या पूर्वजांपैकी बरेच पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओन, सेनेगांबिया अशा भात पिकवणाऱ्या मुलखांतून पकडून आणलेले. नदीकाठच्या दलदलीत बांध घालून, भरतीच्या जोरावर गोडं पाणी आत घेणारी खाचरं त्यांच्याच घामातून उभी राहिली. त्यातलं तंत्र किती त्यांचं नि किती मळेवाल्यांचं, यावर इतिहासकारांची अजून जुंपलेली आहे. पण लाकडी उखळात उभ्याने भात कांडणं आणि पसरट गोल टोपलीत पाखडणं हे उघड आफ्रिकेचं. ही टोपली गवताची. जुडी गोल गोल फिरवत न्यायची आणि ताडवर्गीय झाडाच्या पातीने शिवत जायची. चार्ल्स्टनजवळ माउंट प्लेझंटला हायवे १७ च्या कडेला आजही विकायला असतात. किंमत ऐकून डोळे पांढरे होतील, तरी घासाघीस करू नका, मोठीला आठवडेच्या आठवडे लागतात. २००६ साली अमेरिकी संसदेने या पट्ट्याला वारसा-क्षेत्राचा दर्जा दिला. या लोकांच्या बऱ्याच जमिनी मात्र रिसॉर्टवाल्यांच्या घशात गेल्या, हिल्टन हेड बेट त्याचं ठळक उदाहरण.