३५० इंजिनाला ७५० चा कार्बोरेटर कशाला?
‘कार्बोरेटर जितका मोठा तितकी ताकद जास्त’ असं वर एकाने लिहिलंय, ते पटलं नाही. कार्बोरेटर म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणारा भाग. इंजिन जेवढी हवा ओढू शकतं तेवढीच ओढणार. शेव्हर्लेचं ३५० घन इंचाचं व्ही-८ घ्या. ३५० गुणिले ५५०० आरपीएम, भागिले ३४५६ (एका घनफुटात १७२८ घन इंच, आणि इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच हवा भरतं म्हणून त्याची दुप्पट), म्हणजे साधारण ५५७ सीएफएम, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट हवा. तेही सिलिंडर दर वेळी पूर्ण भरतात असं धरून. रोज रस्त्यावर चालणारं इंजिन ८०-८५ टक्के भरलं तरी खूप, म्हणजे गरज ४७० च्या आसपास. होली कंपनीचा ६०० सीएफएमचा कार्बोरेटर त्याला पुरून उरतो. ७५० लावलात तर कमी आरपीएमला व्हेंच्युरीतून, म्हणजे कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून, हवा संथ जाते, पेट्रोल नीट खेचलं जात नाही आणि सिग्नल सुटल्यावर गाडी आधी आचके देते.

आणखी एक गोष्ट इथे कुणी काढलीच नाही: टू-बॅरलचे (हवा जायच्या दोन नळ्या असलेल्या कार्बोरेटरचे) ५०० सीएफएम आणि फोर-बॅरलचे (चार नळ्यांच्या) ५०० सारखे नसतात. टू-बॅरलची क्षमता ३ इंच पाऱ्याच्या दाबफरकावर मोजतात, फोर-बॅरलची १.५ इंचावर. प्रवाह दाबफरकाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, म्हणून १.४१ ने भागायचं. ५०० चा टू-बॅरल फोर-बॅरलच्या मापात जेमतेम ३५४ भरतो. दुकानदार हे सहसा सांगत नाहीत! आणि ७५० चा मोह सुटतच नसेल तर निदान व्हॅक्यूम सेकंडरीवाला घ्या. त्यात मागची दोन बॅरल इंजिनाची ओढ वाढल्यावरच उघडतात. जड गाडी आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर मी दुसरा विचारही करणार नाही.