अंगठ्याचा रंग आणि नमस्कारामागचा चौकोन

(सोसायटीच्या ग्रुपवरचं बोलणं, नावांऐवजी फ्लॅट क्रमांक)

ए-२०३: काही जणांच्या 🙏 मागे तपकिरी चौकोन दिसतो. फोन बिघडलाय की मेसेजच तसा येतो?

बी-३०४: दोन्ही नाही, काकू. रंगीत हात म्हणजे दोन चिन्हं असतात. आधी पिवळा हात, त्याला चिकटून रंगाचं चिन्ह. नवा फोन दोन्ही जोडून एकच सावळा हात दाखवतो. जुन्याला ही जोडणी ठाऊक नसते, मग तो हात पिवळाच ठेवतो आणि रंगाचा चौकोन शेजारी मांडतो. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅप स्वतःची इमोजी-चित्रं वापरतं, म्हणून ते अ‍ॅप अपडेट केलं तरी भागेल. एसएमएसमध्ये मात्र फोनचा फॉन्ट लागतो, तिथे चौकोन राहू शकतो. आयफोन असेल तर फोनचंच सॉफ्टवेअर अपडेट करा.

सी-१०२: रंग निवडायला हाताच्या इमोजीवर बोट दाबून धरा. पिवळा धरून सहा पर्याय येतात. हवा त्यावर बोट टेकवा, पुढच्या वेळी तोच समोर येतो. पिवळा परत हवा असेल तर पुन्हा दाबून धरून पहिला निवडायचा. 😀 सारख्या गोल चेहऱ्यांना रंग नाही. हात, नाक, कान आणि माणसांच्या बहुतेक चित्रांना आहे.

ए-२०३: पाचच रंग का? आपल्यात तर प्रत्येक घरात वेगळा.

डी-५०१: ही रंगांची पट्टी त्वचारोगतज्ज्ञांकडून आली आहे. अमेरिकेतले डॉ. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये प्रकाशोपचाराची मात्रा ठरवण्यासाठी ती मांडली. कातडी उन्हात भाजते की रापते, एवढंच त्यात पाहायचं होतं. सुरुवातीला गोऱ्या त्वचेचेच चार प्रकार होते, तपकिरी आणि काळ्या त्वचेचे दोन नंतर जोडले. इमोजींचं जागतिक मानक ठरवणाऱ्या युनिकोड संस्थेने २०१५ मध्ये हे सहा प्रकार घेताना पहिले दोन एकत्र केले, म्हणून पाच. आपल्याकडचे बहुतेक रंग मधल्या-गडद तिघांतच कोंबले जातात, हा या पट्टीचा खरा दोष. गूगलने २०२२ मध्ये समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची दहा छटांची पट्टी स्वीकारली, इमोजी मात्र पाचावरच आहेत.

तरी पाच असणं महत्त्वाचंच. त्याआधी आयफोनवर जवळपास सगळी माणसं गोरी होती. लग्नाच्या जाहिरातीत अजून ‘गोरी’ मागणाऱ्या आपल्या समाजात मुलांना सावळा अंगठा रोज दिसला पाहिजे. घरातल्या मोठ्यांनी आपल्या रंगाचा हात बिनधास्त लावावा.

बी-३०४: हस्तांदोलनाचं 🤝 सगळ्यात अवघड निघालं. दोन हात आणि चित्र एक, मग कोणत्या हाताला कुठला रंग? अखेर २०२१ मध्ये उजवीकडे आणि डावीकडे वळलेले दोन वेगळे हात आले आणि २५ जोड्या शक्य झाल्या. डॉक्टरबाईंचं 👩🏽‍⚕️ तर बाई, रंग आणि वैद्यकीय चिन्ह यांचं मिळून होतं. मधे न दिसणारं जोडचिन्ह असतं. काही कीबोर्ड ‘पायर्‍या’तल्या आखूड र साठी तेच चिन्ह वापरतात. एखाद्या अ‍ॅपने ते गाळलं की बाई आणि वैद्यकीय चिन्ह सुटे होतात, आणि शब्दाचं ‘पायर्या’ होतं.

सी-१०२: एक विनंती. ज्यांना दिसत नाही त्यांना फोन इमोजी वाचून दाखवतो, रंगासकट. ओळीने आठ रंगीत नमस्कार टाकले तर आठ वेळा तेच ऐकावं लागू शकतं. एकच टाका.

ई-४०२ (सेक्रेटरी): मग मतदानाला अंगठे मोजण्यात घोटाळा होईल का?

बी-३०४: होईल, ताई. चॅट एक्सपोर्ट करून तक्त्यात तंतोतंत जुळणी लावली तर 👍 आणि 👍🏾 वेगळे धरले जातात आणि मतं गळतात. व्हॉट्सअ‍ॅपचा पोल टाका. अँड्रॉइडवर जोडणीची पिन दाबून ‘पोल’ निवडायचा, आयफोनवर अधिकचं चिन्ह. बारापर्यंत पर्याय देता येतात. एकाला एकच मत हवं तर ‘एकापेक्षा जास्त उत्तरं’ हे बटण बंद करा.

ई-४०२ (सेक्रेटरी): ठीक. लिफ्टच्या कंत्राटाचा पोल आज रात्री टाकते.