बोनान्झा: सौदे रेंगाळतात, काय करावं?

प्रश्न: पाच जण मिळून बोनान्झा हा शेंगा-कडधान्यं पेरायचा आणि सौदे करायचा पत्त्यांचा खेळ खेळतो. प्रत्येक पाळीत घासाघीस लांबते, दोघं तर हातातली पानं रंगानुसार लावून घेतात. नियम नेमका काय आहे?

उत्तर १: पानं लावणं आधी थांबवा, सगळा खेळ त्यावरच उभा आहे. वाटलेल्या 5 पानांचा क्रम बदलायचा नाही, नवी पानं मागेच जोडायची. पाळीत हातातलं पहिलं पान पेरणं, म्हणजे समोरच्या आपल्या शेतात ठेवणं, सक्तीचं, दुसरं ऐच्छिक. मग गड्डीतली 2 पानं उघडायची आणि सौदे. शेवटी 3 पानं उचलायची. पुढचं पान नको असलेलं निघालं की माणूस आपोआप सौद्याला येतो. "हा राजमा घे, बदल्यात काहीच नको" हेही चालतं, समोरचा नाकारूही शकतो.

उत्तर २: रेंगाळण्याचं कारण बहुधा वेगळं असतं: सगळेच एकमेकांशी सौदे करतात. ज्याची पाळी, त्याच्याशीच व्यवहार. बाकीच्यांनी आपापसात नाही. शिवाय सौद्यात आलेलं पान हातात जात नाही, समोर ठेवून पेरावंच लागतं. ते पुन्हा सौद्यात देताही येत नाही.

उत्तर ३: कापणीत, म्हणजे शेतातली पानं उचलून नाणी कमावताना, एक गोष्ट हमखास चुकते. दुसऱ्या शेतात जास्त पानं असताना एकाच पानाचं शेत मोडता येत नाही. आणि कमाईची पानं उलटी करून नाणी म्हणून ठेवा, टाकलेल्या ढिगात मिसळू नका. गड्डी तशीच आटत जाते, तिसऱ्यांदा संपली की खेळ संपतो.